पालथी वाटी

११ नोव्हेंबर

पोचले एकदाची. रिक्षावाल्यानं गारखेड्यात तीन गल्ल्या उगाच फिरवल्या. चौथ्या गल्लीत मीच त्याला थांबवलं, पिशव्या घेतल्या आणि उतरले, तर घर समोरच. साधा बंगला, पुढं जास्वंद, पायऱ्यांच्या जागी चाकाच्या खुर्चीसाठी उतार. पाटी एवढीशी. मी आपली दवाखाना शोधत होते.

पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे वास. अकरा वर्षं एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम केलं, फिनेल साडीतून जात नव्हतं. इथं आत पाय ठेवला तर मेथीच्या फोडणीचा वास. सहा पलंग, प्रत्येकाला आपली खिडकी. मला मागं वेगळी खोली, खोलीला फळी, फळीवर आरसा. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा एकटीचा आरसा मिळाला. नवरा फुलंब्रीला भावाकडं पडून असतो, त्याला मी कुठं आहे ते विचारायचीही फिकीर नाय. बरंच आहे.

अंबिका सिस्टर इथल्या मुख्य. चाळिशीच्या, बारीक, इतकं हळू बोलतात की समोरच्यानं कान पुढं करावा. म्हणाल्या, इथं येतात ते बरे व्हायला येत नाहीत, मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आपण दुखणं कमी करायचं, अंग स्वच्छ ठेवायचं, आणि जायच्या वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही. मी म्हणलं जमंल. मनात म्हणलं, एवढ्याला काय एवढं सांगायचं.

दुसरी मनकर्णाबाई, पैठणकडची. साठीच्या पुढची असंल. तोंडात दात चार-पाच, केस पांढरेफेक, हाताच्या काड्या, पण जीभ लई तेज. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, आली का गं माय, बरं झालं, चादरी पिळायला दोन दांडगे हात आले, माझ्यानं तर आता रुमालबी पिळंना. खो खो हसली. मलाही हसू आलं.

वही सिस्टरनं दिली. मी चौथी शिकलेली, तीही शाळेत कमी अन् कापसात जास्त. इथं प्रत्येक पेशंटचं रोज लिहावं लागतं, काय खाल्लं, लघवी किती, दुखतंय का. माझं अक्षर बघून सिस्टर म्हणाल्या, रोज आपल्या मनाचं चार ओळी लिहा, हात वळेल, कोणी वाचणार नाही. चार ओळीच्या किती झाल्या बघा.

१२ नोव्हेंबर

अकरा वर्षं माणसं उचलली, पुसली, आणि आज मला शिकवतात कूस कशी बदलायची. दर दोन तासांनी. डावी कूस, पाठ, उजवी कूस, भिंतीवर तक्ता आहे. गुडघ्यांच्या मधे उशी, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. ओढायचं नाय, खालच्या चादरीसकट सरकवायचं, नायतर म्हातारी कातडी सोलते. इथवर ठीक. पण हात लावायच्या आधी माणसाला सांगायचं, मी आता तुम्हाला वळवते. बेशुद्ध असला तरी सांगायचं. कान सगळ्यात शेवटी जातात म्हणे. मनकर्णाबाई म्हणाली, म्हणून तर पलंगाजवळ उभं राहून चुगल्या करू नको, वर जाऊन सांगतील.

मला चार नंबरचा पलंग दिला. यमुनाबाई. ब्याऐंशी वर्षं, मुलींच्या शाळेत हेडबाई होत्या. निजामाचं राज्य गेलं, पोलीस अ‍ॅक्शन झालं तेव्हा सतरा वर्षांच्या. स्वतः उर्दूत शिकल्या अन् जन्मभर पोरींना मराठी शिकवलं. आजार आधी आतड्यात होता, आता सगळीकडं. एकच मुलगा, हेमचंद्र, बंगळूरला नोकरीला.

माझी वही दिसली तर म्हणाल्या दाखवा. दाखवली. पेन्सिल घेऊन पहिल्याच ओळीत खुणा करायला लागल्या. मी म्हणलं, बाई, मी तुमच्याकडं शिकायला नाय आले. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे. मग पाठ पुसून घेतली अन् म्हणाल्या, सरूबाई, तुमचा हात रेशमाचा आहे, जीभ मात्र कुठल्या कुऱ्हाडीची लावलीय.

मला बाई आवडल्या.

१५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट बघितली ती पटली नाय.

दोन नंबरला तात्यासाहेब म्हणून एक आजोबा आहेत, वैजापूरकडचे. चार दिवसांपासून जेवण कमी होत गेलं. काल त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. ह्या खोलीत एकच पलंग आहे, शेवटचे दिवस निवांत जावेत म्हणून. आज त्यांची मुलगी आली. सिस्टरनं तिच्या हातात पाण्याची वाटी दिली, तिनं बापाच्या तोंडात एक चमचा पाणी घातलं. मग सिस्टरनं वाटी घेतली आणि उशाच्या स्टुलावर पालथी घातली. झालं. त्याच्यानंतर काय बी द्यायचं नाय. पेज नाय, दूध नाय, पाण्याचा घोट नाय. फक्त ओला कापूस ओठाला.

मी मनकर्णाबाईला मोरीवर गाठलं. म्हणलं, हे काय, माणूस जिता आहे अन् तुम्ही ताट उचललं? ती म्हणाली, अगं, दुकानाचं शटर ओढलंय, आता माल कुठं उतरवती? मी म्हणलं, दुकानदाराला विचारलं का? एरवी ती उलट बोलली असती. आज हातातली चादर ठेवून माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, सरू, वाटी पालथी पडल्यावर भरवायचं नाय. कधीच नाय. का, ते सांगितलं नाय.

१८ नोव्हेंबर

तात्यासाहेब काल गेले. शांत गेले म्हणतात सगळे. उपाशी माणूस शांतच असणार, ओरडायला बळ कुठून आणंल.

माझी माय आठवती. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, पलंगावर पाटी लावली होती की तोंडानं काही द्यायचं नाय. ती दोन दिवस भाकर मागत होती. म्हणायची, सरू, पदरात आणलीस ना, दे ना गं. माझ्या पदरात खरंच होती भाकर. मी डॉक्टरला भिऊन दिली नाय. तिसऱ्या दिवशी गेली. त्याला सोळा वर्षं झाली, अजून घास तोंडाशी नेला की ती मागायली असं वाटतं.

म्हणून मी लिहून ठेवते. यमुनाबाईच्या बाबतीत मी हे होऊ देणार नाय.

२० नोव्हेंबर

औषधाच्या कपाटाची किल्ली सिस्टरच्या गळ्यात असते. बाईंना सकाळ-संध्याकाळ एक बारीक गोळी जिभेखाली देतात. दुखणं थांबतं हे खरं, पण बाई मग अर्धा दिवस झोपेत. झोपलेला माणूस जेवंल कसा? हे मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, आधी त्या दुखण्यानं झोपत नव्हत्या, आता झोपतात, एवढाच फरक. बोलायला लई गोड. मला गोड बोलणाऱ्याचा आधीपासून शक येतो.

हेमचंद्र आला होता. सिस्टरनं त्याला आत नेलं, दार लावलं, अर्धा तास बोलणं चाललं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. कागदावर सही करून आला. कसला कागद ते कोणी सांगंना. मनकर्णाबाई म्हणाली, अगं, आईला मशीनला लावू नका म्हणून आईनंच सांगितलंय, त्याचा कागद आहे. तिला काय, तिला वाचता येत नाय, तिच्या पेशंटचंबी सिस्टरच लिहितात.

२२ नोव्हेंबर

बाईंनी सकाळी दोन चमचे खाल्लं अन् मान फिरवली. मी हनुवटी धरून अजून चार चमचे घातले. ठसका लागला, डोळ्याला पाणी आलं. सिस्टर धावत आल्या, बाईंना कुशीवर घेतलं, तोंडातलं बोटानं काढलं. मग मला बाहेर नेऊन बोलल्या. हळूच बोलल्या. म्हणाल्या, घास आता छातीत उतरतोय सरूबाई. शरीर आवरतंय, त्याला अन्नाचं ओझं झालंय. भूक त्यांना नाहीये. भूक तुम्हाला लागलीय, त्यांच्या नावाची.

पोट भरलेल्या माणसाचं बोलणं. संध्याकाळी बाईंना वळवताना सांगितलं, बाई, भिऊ नका, मी आहे. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. काय तरी म्हणायचं होतं. ओठ हलले, आवाज आला नाय.

२५ नोव्हेंबर

आज कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. हेमचंद्र दोन दिवसांपासून इथंच होता. चमचाभर पाणी दिलं. बाईंनी गिळलं अन् तोंड मिटून घेतलं, घट्ट. सिस्टरनं वाटी पालथी घातली. हेमचंद्र आईच्या पायावर डोकं ठेवून रडला अन् दुपारच्या गाडीनं निघून गेला. नोकरीवर बोलावलं म्हणे. आई जायलीय अन् हा निघाला. सिस्टर त्याला म्हणाल्या, तुम्ही निरोप दिलाय, आता गेलात तरी चालेल.

सगळं ठरलेलं दिसतंय. सगळ्यांचं.

२६ नोव्हेंबर

दिली. पेज दिली.

दुपारी सिस्टर छावणी भागात डॉक्टरांकडं गेल्या होत्या, मनकर्णाबाई पडवीत डुलक्या घेत होती. मी तांदळाची पातळ पेज केली, मीठ, चमचाभर तूप. स्टुलावरची वाटी सरळ केली, तिच्यातच ओतली. बाईंचे डोळे मिटलेले होते, श्वास मधेच थांबायचा, मग यायचा. मी म्हणलं, बाई, पेज आहे. चमचा ओठाला लावला.

तोंड उघडलं. त्या दिवशी मान फिरवत होत्या, आज आपणहून उघडलं. चार चमचे गेले. ठसका नाय, काही नाय. मला रडू फुटलं. म्हणलं बघा, भूक नव्हती म्हणे!

वाटी धुऊन पुसून परत पालथी ठेवली.

२७ नोव्हेंबर

आज सहा चमचे. श्वास थांबायचा बंद झालाय.

जास्वंदाखाली उभं राहून माझ्या मोबाईलवरून हेमचंद्राला फोन लावला. सांगून टाकलं, तुमची आई जेवायलीय, तिला भूक आहे, हे लोक तिला उपाशी मारायलेत, तुम्ही येऊन बघा. त्यानं दोनदा विचारलं, खरंच का. मग म्हणाला, सुट्टी काढतो, चार-आठ दिवसांत येतो, तोवर तुम्ही लक्ष ठेवा. ठेवते म्हणलं. आता कळंल सगळ्यांना.

२९ नोव्हेंबर

सिस्टर बाईंच्या पायाकडं बराच वेळ बघत होत्या. तळवे निळे पडलेत, गुडघ्यापर्यंत जांभळ्या जाळ्या. म्हणाल्या, एवढं झाल्यावर माणूस दिवसभर राहत नाही. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावून डोळे मिटले, लई वेळ ऐकलं. म्हणाले, आहे काहीतरी, चिमणीएवढं.

मी मनात हसले. डॉक्टरला पेजेचं कुठं माहीत.

आज पूर्ण वाटी संपली. मी खोलीत पाय ठेवला की तोंड उघडतं. डोळे मात्र उघडत नायत.

३० नोव्हेंबर

एक गोष्ट खटकायली. लघवीची पिशवी पाच दिवसांपासून कोरडी आहे. चादरही कोरडी. अकरा वर्षांचं माझं काम हेच, पोटात गेलेलं बाहेर येतं. पाच दिवसांत एवढी पेज गेली. कुठं गेली?

कूस बदलताना बाई जड लागल्या. अंगावर मांस नाय, तरी जड. अन् गार. माठाच्या बुडाला हात लावल्यासारख्या गार.

१ डिसेंबर

आज नीट बघितलं. चमचा हातात न घेता पाच मिनिटं नुसती बसले. छाती हलत नाय. नाकाशी कापूस धरला, हलला नाय. मग चमचा वाटीला लागला, बारीक आवाज झाला, तर छाती वर आली अन् तोंड उघडलं. चमचा खाली ठेवला, परत बंद.

श्वास चमच्यासोबत येतो. एरवी नाय.

भरवलं. न भरवून काय करू, तोंड उघडं होतं.

सिस्टरनं जेवताना विचारलं, सरूबाई, तुम्ही जेवता ना नीट? मी म्हणलं दोन भाकरी खाल्ल्या की तुमच्या समोर. खरंच खाल्ल्या. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. मीही बघितलं. इथं आले तेव्हा ह्या बांगड्या साबण लावून घातल्या होत्या, निघत नव्हत्या. आता हात वर केला की कोपरापर्यंत घसरतात.

बाईंना काही दिलंत का, असं विचारलं त्यांनी. नाय म्हणलं.

२ डिसेंबर

आरशात बघितलं. गाल आत गेलेत. डोकं विंचरलं तर फणीत मूठभर केस.

भाकरी खाते ती चवीला लागत नाय, पोटात उतरलेली कळत नाय. पण दुपारी बाईंना वाटी भरवली की माझ्या पोटात खड्डा पडतो. एकेका चमच्याला पडतो. मी पेज नाय भरवायली.

मी काय भरवायली ते मला कळलंय. लिहवत नाय.

आज वाटी संपल्यावर तोंड मिटलं नाय. उघडंच राहिलं.

२ डिसेंबर, संध्याकाळ

मनकर्णाबाईला सांगितलं. मोरीवर, नळ सोडून, हळू आवाजात. मला वाटलं शिव्या देईल. ती खालीच बसली. किती दिवस झाले विचारलं. सात म्हणलं. तिनं कपाळाला हात लावला.

मग तिनं मला विचारलं की सरू, माझं वय किती असंल. मी म्हणलं, असंल साठ-बासष्ट. ती म्हणाली, शेहेचाळीस.

माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे ती.

तिनं पाच वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला भरवलं होतं. बन्सी नावाचा, वेरूळकडचा. त्याच्या सुनेनं शेवटचं पाणी दिलं होतं. हिला दया आली, म्हणून हिनं चोरून दूध दिलं. नऊ दिवस दिलं. माणूस तिसऱ्याच दिवशी गेला होता, म्हणाली. निरोपाचं पाणी घेऊन निघालेला जीव जातोच, कोणाच्या चमच्यासाठी थांबत नाय. मग मागं उरतं ते नुसतं तोंड. ते भरवणाऱ्याला ओळखतं. वाटी पालथी घालायची पद्धत सिस्टरची नाय, मनकर्णाबाईचीच आहे. सिस्टरला तिनं सांगितलं की घरच्यांना कळावं म्हणून खूण असावी. सिस्टरला ते बरं वाटलं. खरं कारण त्यांना आजवर माहीत नाय.

मी विचारलं, सुटलीस कशी? म्हणाली, काही द्यायचं नाय. थेंबही नाय. कोणीच नाय, तू नाय अन् दुसऱ्यानं तर मुळीच नाय. समोर बसायचं, माफी मागायची, जा म्हणायचं. तोंड आपोआप मिटलं पाहिजे. हातानं मिटवायचं नाय. मिटेपर्यंत ते तुझं घेत राहील, पण रोज थोडं कमी घेईल. अन् मधेच दुसऱ्या कोणी एक चमचा जरी दिला, तर ते त्याच्याकडं —

नळ बंद करून गेली.

३ डिसेंबर

खोलीत बसून आहे. वाटी पालथी घातली. बाई, चुकलं माझं. बाई, तुम्ही तोंड मिटलं होतं, घट्ट मिटलं होतं, मी बघितलं होतं. मला माझ्या मायला द्यायची होती भाकर, ती तुमच्या तोंडात कोंबली. जावा आता.

तोंड तीन बोटं उघडं आहे. बोटं आडवी धरून मोजलं, लांबून.

सिस्टर आल्या, बाईंची नाडी धरली, आहे अजून चिमणीएवढी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, तुम्ही आजारी आहात, उद्या घरी जा, मी दुसरी बाई बघते. दुसरी बाई! तिला काय सांगणार तुम्ही? मी पाया पडले, मला इथंच राहू द्या म्हणलं. त्यांनी माझं डोकं कुरवाळलं. सिस्टरवर मी काय काय शक घेतला.

हेमचंद्राला फोन लावला, येऊ नका सांगायला. लागला नाय. बंद आहे.

४ डिसेंबर

दोन बोटं.

समोरचा दात पडला माझा. दुखला नाय. पाणी प्यायला तोंड लावलं अन् पेल्यात दिसला.

फोन बंदच.

आवाज काढतं ते आता. हिरडीवर हिरडी. चप, चप. मी कानात कापूस घातला, तरी पोटात ऐकू येतं. उठून एकदा पेजेच्या पातेल्यापर्यंत गेले होते. माझे पाय गेले, मी नाय. मनकर्णाबाईनं पातेलं मोरीत ओतलं अन् मला धरून आणलं. दोघींच्यात मिळून एका बाईचं बळ नाय.

जावा बाई. जावा.

५ डिसेंबर

सकाळी एक बोट. दहा वाजता अर्धं.

अंगात काही राहिलं नाय, पण पोटातला खड्डा बारीक झालाय. कमी घ्यायलंय. मनकर्णाबाई म्हणाली संध्याकाळपर्यंत सुटशील. तिनं माझ्या हाताला तेल चोळलं. म्हणाली, आता तू बी म्हातारी, मी बी म्हातारी, बरोबरीच्या झालो.

बाईंचा चेहरा बाईंसारखा दिसायलाय थोडा.

५ डिसेंबर, दुपार

हेमचंद्र आला. विमानतळावरून सरळ. सिस्टर छावणीत डॉक्टरांकडं. त्यानं आईचं तोंड बघितलं, माझं बघितलं. ओळखलं नाय आधी. मग म्हणाला, फोन तुम्हीच केला होता ना? मग आता तुम्हाला कोणी गप्प बसवलं?

सांगितलं. भाऊ, देऊ नका. ती गेलीय, ही ती नाय. मला ढकलून स्वयंपाकघरात गेला.

खोलीला आतून कडी लावली मी.

दार वाजवतोय. म्हणतो, पोलीस बोलावतो. म्हणतो, तुम्ही लोक माझ्या आईला उपाशी मारताय. माझेच शब्द, एकेक. मनकर्णाबाई त्याला सांगायली, ऐकू येतंय. तो तिला म्हातारे बाजूला हो म्हणाला.

त्याचा काय दोष. मला तरी कुठं पटलं असतं.

मिटलं. मिटलं! ओठाला ओठ लागला. माझ्या पोटातलं थांबलं. बाई गेल्या, सुटल्या, मी सुटले, आता सिस्टर आल्या की —

दाराबाहेर चमचा वाजला वाटीवर. आई, पेज आणलीय म्हणतो. बघ, तूप घालून —

उघडलं परत. पूर्ण. एवढं कधी उघडलं नव्हतं.

डोळे बी उघडलेत. माझ्याकडं नाय बघत ते. दाराकडं —

भाऊ वाजवू नका. भाऊ चमचा वाजवू नका —

पाय खाली सोडले तिनं. वीस दिवस मी वळवत होते जिला ती — उभी आहे. कडीकडं चाललीय. पदर धरलाय मी एका हातानं, हातात बळ कुठं — सुटायलाय —

जो कोणी हे वाचंल त्यानं कोणाला —

भाऊ, दार मी नाय उघडायली, तीच — मागं व्हा, हातातली वाटी टाका, ही तुमची आई नाय, ही